आई दमली की लेकराला कोण खेळवतं?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक लेख हमखास येतो: मुलांना घरात रमवण्याच्या युक्त्या. रंगीत कागद आणा, पुठ्ठ्याचं घर करा, घरात खजिना लपवून मुलांना शोधायला लावा. लेख वाईट नसतो. फक्त त्यात गृहीत धरलेली आई दमलेली नसते. कागद कापायला, खजिना लपवायला आणि नंतर तो पसारा उचलायला अंगात जी रग लागते, ती असती तर तिनं हा लेख वाचलाच कशाला असता?

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, उमापूरच्या शिवारात, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी भरात असते. कमरेला ओटी बांधायची, दिवसभर वाकून बोंडांतला कापूस ओढायचा, सांजेला काट्यावर माप. मजुरी किलोवर. म्हणजे लेकराला घ्यायला घटकाभर बसलं की ते थेट वजनात दिसतं. घरी यायला दिवेलागण होते. मग पाणी, चूल, भाकरी. आणि दिवसभर वाट बघून किरकिरीला आलेलं तीन वर्षांचं लेकरू पदर धरून उभं. ‘माय, खेळ की माझ्यासंगं.’ पुण्या-मुंबईत लोकलमधून उतरून घरी आलेल्या बाईपुढे हेच वाक्य वेगळ्या हेलात येतं. दमणं दोन्हीकडचं खरं आहे, पण दमलेल्या माणसाच्या हाताशी काय आहे, यात फरक पडतो.

प्रश्न जुना, त्यामुळे त्याची उत्तरंही जुनी आहेत. ती चाळताना मी एकच हिशेब मांडत गेलो: आईला जी उसंत मिळाली तिची किंमत कुणाच्या खात्यावर पडली?

सगळ्यात वाईट उत्तर आधी सांगून टाकतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची बाळगोळी देत. आई पाळीला गेली की बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. रडणं नाही, भूक नाही. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारनं गिरणी कामगार स्त्रियांची स्थिती पाहायला डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना नेमलं होतं. बाळांना अफू देण्याची चाल सर्रास असल्याची नोंद त्यांच्या पाहणीत आहे. इंग्लंडात त्याच्या कितीतरी आधीपासून गिरणीतल्या मजुरांच्या घरात ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं अफूमिश्रित औषध याच कामासाठी वापरलं जाई. त्या बाया निर्दय होत्या, असं म्हणणं सोपं आहे. दहा-अकरा तास यंत्रापाशी उभी राहणारी बाई बाळाला कुठे ठेवणार होती, याचं उत्तर गिरणीमालकाकडे नव्हतं, सरकारकडे नव्हतं आणि चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतही नव्हतं. किंमत बाळाच्या अंगावर पडली.

स्वातंत्र्यानंतर 1948च्या कारखाना कायद्यानं पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. 1976च्या दुरुस्तीनं ही मर्यादा तीसवर आली. 2017मध्ये मातृत्व लाभ कायदा सुधारला तेव्हा पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवरही पाळणाघराची जबाबदारी आली. कापसाचं शेत मात्र यांतल्या कुठल्याच व्याख्येत बसत नाही. तिथे बाभळीची फांदी असते.

बांधावरच्या बाभळीला किंवा लिंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधतात. कापड दुहेरी करून फांदीवरून टाकायचं, टोकांना पक्की गाठ मारायची आणि वरच्या बाजूला एक काडी आडवी सारायची, म्हणजे कापड मिटत नाही आणि आतल्या जीवाला वारा लागतो. घरी पाळण्याची दोरी आई पायाच्या अंगठ्यात अडकवून भाकरी थापू शकते. शेतात ते जमत नाही. ती पाटेनं पुढे पुढे सरकत जाते. मग झोळीची दोरी कुणाच्या हातात? सात-आठ वर्षांच्या पोरीच्या. भावंडाला झोका द्यायचा, माशा वारायच्या, रडलं तर कडेवर घेऊन आईपाशी न्यायचं, पाजून झालं की परत आणायचं. मधल्या वेळात तीच त्याला काऊ दाखवते, चिऊ दाखवते, मातीची भाकरी करून देते. महाराष्ट्रातल्या किती लेकरांना आईनं खेळवलं आणि किती जणांना ताईनं, याची मोजदाद झाली तर ताई सहज पुढे निघेल. ‘आमच्या वेळी लेकरं आपोआप वाढायची’ असं वाड्यावरची म्हातारी माणसं सांगतात, तेव्हा त्या ‘आपोआप’मध्ये एका पोरीची शाळा गेलेली असते. एकत्र कुटुंबाच्या आठवणी काढताना हा हिशेब राहून जातो.

1972च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बाया खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामांना गेल्या तेव्हा झोळ्याही कामावर गेल्या. पुढे 2005च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यानं एक शहाणी तरतूद केली: कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं आली असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. लेकरू सांभाळणं हे मजुरीला पात्र काम आहे, असं इतक्या सरळ शब्दांत सरकारी कागदावर क्वचितच आलं असेल. कामावर अशी बाई बसलेली दिसणं मात्र दुर्मीळच राहिलं.

भावंडापायी शाळा बुडणाऱ्या ताईच्या कोड्यावर ज्यांनी खरं डोकं चालवलं त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या, माँटेसरी पद्धत कोळून प्यालेल्या. 1945मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. 1957च्या सुमारास काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत गेलं. बालवाडी उघडली, पण मुलं येईनात. मोठी मुलं गुरं राखायला जात आणि मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळत. यावर ‘पालकांत जागृती नाही’ असा शेरा मारून अहवाल बंद करता आला असता. या दोघींनी बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात नेली, गुरं चरतात त्या कुरणात शाळा भरवली आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून तिला विकासवाडी म्हटलं. पोरगी कडेवरचं भावंड पाळणाघरात ठेवते, मधलं बालवाडीत सोडते आणि आपण वर्गात जाऊन बसते. तिघांचीही सोय एका कुंपणात. माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, फुलं, खडे हीच साधनं झाली.

देशभर 2 ऑक्टोबर 1975ला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. पहिल्या 33 प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. अंगणवाडी आज गावोगाव आहे आणि सेविका-मदतनीस या दोन बायांच्या जिवावर चालते. मी तिला नावं ठेवणार नाही; खिचडी, लसीकरण, वजनं आणि रजिस्टरं यांतून वेळ काढून त्या गाणीही म्हणून घेतात. पण विकासवाडीतला पाळणाघराचा भाग या योजनेत आला नाही. तीन वर्षांखालचं लेकरू घरच्यांच्याच माथी राहिलं.

आता घरात येऊ, चुलीपाशी. दमलेल्या माणसानं लेकराला ‘रमवायचं’ ही कल्पनाच मुळात थोडी चमत्कारिक आहे. बार्बरा रोगॉफ या संशोधिकेनं ग्वातेमालातल्या माया कुटुंबांत आणि इतरत्र बरीच वर्षं पाहून मांडलं आहे की, पुष्कळ समाजांत मोठी माणसं मुलांसाठी वेगळे खेळ रचत बसत नाहीत. मुलं मोठ्यांच्या कामाच्या कडेला असतात, बघतात आणि हळूहळू हात घालतात. हे वाचायला ग्वातेमालापर्यंत जायची गरज नाही. आमच्याकडे भाकरी करताना आई शेवटच्या पिठाची चानकी करते. लेकरू परातीपाशी बसतं, त्याला लिंबाएवढा गोळा मिळतो, ते तो थापतं, तुटतो, परत मळतं, पिठात नाक माखतं. तोवर चार भाकरी होतात. मग त्याची ती वेडीवाकडी चानकी तव्यावर पडते, आई ती निगुतीनं उलटते आणि ताटात पहिली ती वाढते. लेकराला वाटतं आज स्वयंपाक आपणच केला. आईला वेगळं काही करावं लागलेलं नसतं. यात कुणाच्याही खात्यावर काही पडत नाही, उलट एक भाकरी जास्त होते.

याच जातीची कामं घरात भरपूर सापडतात. लसूण सुटा करणं. तुरीच्या शेंगा सोलणं. धुतलेले कपडे पिळायला आणि दांडीपर्यंत न्यायला घेणं. डब्यांची झाकणं जुळवणं. सुपात थोडी ज्वारी आणि थोडी तूर मिसळून दिली तर चार वर्षांचं लेकरू वेगवेगळी करत अर्धा तास सहज काढतं; आणि ती परत मिसळून दिली तर त्याला राग येत नाही, आपल्याला मात्र हसू येतं. सावकाश होतं, सांडतं, दुप्पट वेळ लागतो हे खरं. पण वेळ लागणं हाच तर फायदा आहे.

इथे दोन धोके सांगायलाच हवेत, कारण दमलेल्या माणसाचं लक्ष पटकन उडतं. चिंचोके, हरभरे, अख्खे शेंगदाणे यांच्यासंगं तीन-चार वर्षांखालच्या लेकराला एकटं सोडायचं नाही. शेंगदाणा श्वासनळीत जातो आणि रात्री-बेरात्री मोठं रुग्णालय गाठायची पाळी येते. दुसरा धोका पाण्याचा. रांगतं लेकरू बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडतं. खेळायला पाणी द्यायचं तर परातीत द्यावं, तेही आपण जागे असताना. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचे डबे आणि बाटल्या असतातच. त्या रिकाम्या झाल्या तरी खेळणं म्हणून देऊ नयेत, पाणी भरायला तर मुळीच नाही.

पण दिवसात एक वेळ अशी येते की बसून भाकरी थापायचंही बळ उरत नाही. पाठ टेकायची असते, बस्स. त्या वेळेसाठी मराठी घरांनी एक अस्सल साधन करून ठेवलं आहे आणि त्याच्याकडे आपण बाळबोध म्हणून बघतो. चिऊ-काऊची गोष्ट.

चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं आणि तो भिजत चिऊच्या दाराशी येतो. यापुढची सगळी गोष्ट म्हणजे चिऊनं दार न उघडण्याची कारणं. बाळाला न्हाऊ घालतेय, अंग पुसतेय, काजळ घालतेय, तीट लावतेय, झोपवतेय. नीट पाहिलं तर ही एका लेकुरवाळीच्या रोजच्या कामांची यादी आहे. सांगणारीला आठवायला काही लागत नाही. दिवसभर केलं तेच सांगायचं. डोळे मिटून सांगता येतं. काऊला दारात किती वेळ तिष्ठत ठेवायचं हे तिच्या हातात असतं: लेकराचे डोळे जड झाले असतील तर दार लवकर उघडतं, नसतील तर बाळाला अंगडं, टोपडं, वाळे, बिंदल्या, सगळं घालून होतं. आणि तिला मध्येच डुलकी लागून एखादी पायरी सुटली तर लेकरू ताबडतोब दुरुस्त करतं. म्हणजे गोष्ट पुढे नेण्याचं अर्धं काम ऐकणाऱ्याकडे गेलेलं असतं. दारावरची टकटक त्याच्याकडेच द्यावी. पाटावर, डब्यावर, आईच्या पाठीवर, जिथे वाजवील तिथे. काही घरांत गोष्टीच्या शेवटी काऊ तापल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. भिजून आलेल्या शेजाऱ्याशी हे वागणं मला कधी पटलं नाही, पण दमलेल्या बाईचा राग कुठेतरी निघणार, काऊवर निघाला तर बिघडलं काय!

भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट याच घडणीची: एकच प्रसंग, प्रत्येक वेळी नवा प्राणी. सांगणाऱ्यानं प्राणी विचारायचा, लेकरानं पुरवायचा. कोल्हा, वाघ, अस्वल संपले की लेकरं बिनदिक्कत ट्रॅक्टर आणतात. आणू द्यावेत. ट्रॅक्टरलाही म्हातारी ‘परत येईन तेव्हा खा’ म्हणून फसवू शकते.

निजल्या निजल्या खेळायचे खेळ घरोघर ठरलेले असतात, फक्त त्यांना कुणी खेळ म्हणत नाही. पालथं पडून लेकराला पाठीवर चालायला सांगणं: त्याला तोल सांभाळण्याची मजा, आपल्याला कंबर तुडवून मिळते. पाय चेपायला लावणं आणि ‘इथं न्हाई, तिथं’ करत राहणं. आपण झोपलेला वाघ, त्यानं आवाज न करता जवळून जायचं. वाघानं डोळा उघडायचा की नाही हे वाघाच्या मर्जीवर. वीज गेली की कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात भिंतीवर बोटांची हरणं, कुत्री, पोपट. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीनं हा खेळ खेळला आहे. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली की चांदण्या मोजणं, आणि मोजणी चुकली की पहिल्यापासून.

जात्यावर दळणाऱ्या बायांनी तर काम, गाणं आणि लेकरू एकाच बैठकीत बसवलं होतं. पहाटे दळताना लेकरू मांडीवर निजलेलं असे, आणि जात्याच्या घरघरीत ओवी चाले. हेमा राईरकर आणि गी पॉईटव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्याही आहेत. त्या वाचताना एक लक्षात येतं: ओवीत लेकराचं कौतुक आहे तसं बाईच्या शिणलेल्या हातांचं गाऱ्हाणंही आहे, भाऊ आठवतो, सासर बोचतं. लेकराच्या कानावर सूर पडे, बाईचं मन मोकळं होई. गिरणी आली, बायांचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं. जात्याच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांना चार दिवस दळायला बसवावं.

आणि आता मोबाइल. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वर्ष-दोन वर्षांत गावखेड्यातल्या घरात बालगीतांचे व्हिडिओ पोचले. आज उमापुरात काय आणि उपनगरात काय, घास भरवताना समोर मोबाइल लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल 2019मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन दिलं: वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या आतच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तसंच आहे: दोन वर्षांखाली नाही, आणि पाच वर्षांपर्यंत एक तासाच्या वर नाही. गावाकडच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालतो.

मोबाइलला सरसकट बाळगोळी म्हणणाऱ्यांतला मी नाही. तुलना मोहात पाडते, पण अफूनं बाळं खंगत. अर्ध्या तासाच्या गाण्यांनी कुणी खंगत नाही. आई तापानं फणफणलेली असताना तिनं लेकराला मोबाइल दिला तर तिला व्याख्यान देऊ नये. फरक पडतो तो दुसऱ्या ठिकाणी. लेकरू बोलायला शिकतं ते देवाणघेवाणीतून: ते काहीतरी पुटपुटतं, आपण ‘हो का?’ म्हणतो, ते पुन्हा पुटपुटतं. व्हिडिओ बोलतो पण ऐकत नाही. दुसरं, गाणं संपायच्या आत पुढचं सुरू होतं, त्यामुळे थांबायचं कधी हे लेकराला कळत नाही आणि काढून घेतला की आकांत होतो. ज्या शांततेसाठी दिला ती व्याजासकट परत जाते. आणि झोपायच्या आधी दिला तर झोप लांबते, म्हणजे उद्याची किरकिर आजच पेरली. म्हणून द्यायचाच असेल तर दिवसा द्यावा, जेवताना आणि निजताना नाही, आणि एक ठरलेलं गाणं संपलं की संपलं. रेडिओ किंवा नुसता आवाज ऐकवणं याहून बरं. हात मोकळे राहतात आणि लेकरू ऐकता ऐकता दुसरं काही करत बसतं. मोबाइल चार्जिंगला लावून उलटा ठेवला की बरेच तंटे मिटतात.

खेळण्यांवर फार लिहीत नाही. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी, पोळ्याला काळ्या मातीचे बैल, जुना टायर आणि काठी यांच्यापुढे बाजारातलं प्लास्टिक दोन दिवस टिकतं. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात बसून शेकडो खेळणी जगाला दिली. ती करून द्यायला मोठं माणूस लागतं, हे खरं, पण ते एकदाच, सवडीच्या दिवशी. कोरोनाच्या टाळेबंदीत जुलै 2020पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागायची. घरातल्याच वस्तू घेऊन करायचे उपक्रम त्यात होते. ती होती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. अंगणवाड्या बंद, धाकटी घरात, मोठ्यांचा अभ्यास टीव्हीवर आणि मधोमध आई.

घरात आणखी एक माणूस असतं. केंद्र सरकारच्या 2024च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं जातात, पुरुषांची 88. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांत स्त्रियांची 137 मिनिटं, पुरुषांची 75. मुळात देखभाल करणारेच किती? 15 ते 59 वयाच्या स्त्रियांत 41 टक्के, पुरुषांत 21.4. बाप दमत नाही असं कुणी म्हणत नाही. पण दोघंही शेतातून एकाच वेळी येतात, आणि तो पाय धुऊन पारावर जातो, ती चुलीकडे जाते. लेकरू तिच्या मागे. त्यानं लेकराला खांद्यावर घेऊन पारावर नेलं तर खेळणं लागत नाही, युक्ती लागत नाही, पैसा लागत नाही. गावातली म्हैस, ट्रॅक्टर, हॉटेलातली भजी आणि चार म्हाताऱ्यांचे प्रश्न एवढ्यावर लेकराची सांज निघते. दमलेल्या आईसाठी सुचवता येणाऱ्या सगळ्या युक्त्यांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरलेली आहे.

हे सगळं घर जागेवर असलेल्यांचं झालं. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. बाई रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठते, स्वयंपाक उरकते, फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरते. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री भरते. सहा वर्षांखालचं लेकरू सोबत असतं, फडाच्या कडेला पाचटावर, हातात उसाचं कांडकं. ट्रॅक्टर मागे येतो तेव्हा ते कुठे आहे हे कुणीतरी बघावं लागतं, आणि तिथेही ते ‘कुणीतरी’ म्हणजे ताईच असते.

शाळेच्या वयाच्या मुलांसाठी बरंच झालं. ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. 2009च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर मुलांना गावातच ठेवून हंगामी वसतिगृहांत सोय करण्यावर सरकारचा भर आला. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीच्या शांतिवननं अशा मुलांसाठी घर उभं केलं. सहा वर्षांखालच्यांसाठी यातलं काही नाही. मग काही जण धाकट्याला आजीपाशी ठेवून जातात. गावात हंगामभर राहतात म्हातारी आणि लेकरं, आणि ‘दमलेली आई’ म्हणून आपण जिच्याबद्दल बोलतो ती बऱ्याच घरांत साठी ओलांडलेली, गुडघे धरलेली आजी असते. तिला पळता येत नाही. तिची गोष्ट चांगली असते, भाकरी चांगली असते, पण दोन वर्षांच्या नातवामागे विहिरीच्या वाटेनं धावणं तिच्यानं होत नाही.

केंद्राच्या पालना योजनेत 17 हजार अंगणवाडी-पाळणाघरं उभी करायचं उद्दिष्ट ठरलं आहे. कोसबाडला जे एका टेकडीवर झालं ते कागदावर का होईना देशात पोचलं. उमापूरसारख्या गावात यातलं काय उतरतं, हे मागण्यावर अवलंबून राहील. अंगणवाडी दुपारी आटोपते आणि कापसाचं माप सांजेला होतं. मधल्या तासांपुरतं, निदान वेचणीच्या महिन्यांत, एक जास्तीची मदतनीस, सतरंजी, पिण्याचं पाणी आणि दाराला कडी एवढं गाव स्वतःही मागू शकतं. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येकीच्या आधी महिलांची सभा. ही मागणी 15 ऑगस्टच्या आसपासच्या सभेतच लिहून घ्यायला हवी. नोव्हेंबरची सभा भरते तेव्हा बाया कापसात असतात.